‘प्राइड’ मराठीत आणताना: गर्व, अभिमान, माज आणि बाकीचे

प्रश्न दोन आहेत आणि ते एकमेकांत गुंतलेले आहेत. पहिला असा, की इंग्रजी मजकुरात ‘प्राइड’ आला की मराठीत कोणता शब्द घ्यायचा. दुसरा असा, की खेळाडूच्या सत्काराच्या फ्लेक्सवर ‘आम्हाला तुझ्यावर गर्व आहे’ असं छापलं आणि त्यावर मराठीच्या शिक्षकांनी हरकत घेतली, तर ती बरोबर का. दुसऱ्याचं उत्तर आधी. हरकत बरोबर आहे, आणि त्या चार शब्दांत चुका दोन आहेत.

पहिली चूक ‘गर्व’. मराठीत गर्व हा समोरच्याला दिसणारा दोष आहे. तो होतो, चढतो, मग कुणीतरी उतरवतो, आणि शेवटी गर्वाचे घर खाली. मराठी माणूस स्वतःबद्दल हा शब्द वापरतो तो नाकारण्यापुरता: ‘गर्वानं सांगत नाही, पण...’ हिंदीत मात्र गर्व चांगल्या अर्थानंही सहज चालतो, आणि तिथूनच तो भाषणांत, जाहिरातींत, मालिकांत आणि मग फ्लेक्सवर उतरला. दुसरी चूक ‘तुझ्यावर’. हीसुद्धा हिंदीच्या ‘तुम पर’ची सावली. मराठीत अभिमान ‘कुणावर’ नसतो, ‘कुणाचा’ असतो. म्हणून ‘आम्हाला तुझा अभिमान आहे’ किंवा ‘वाटतो’. घाईत फक्त गर्व खोडून ‘तुझ्यावर अभिमान आहे’ असं करणारे बरेच असतात. तशी दुरुस्ती अर्धीच.

‘आहे’ आणि ‘वाटतो’ यांतही फरक आहे. ‘वाटतो’ हा त्या प्रसंगी मनात आलेला भाव. ‘आहे’ म्हटलं की तो कायमचा झाला. ‘बाळगणे’त जाणीवपूर्वक जपणं येतं, म्हणून ते भाषा, परंपरा, घराणं यांच्याशी शोभतं: ‘मातृभाषेचा अभिमान बाळगा’. दहावीत चांगले गुण मिळवलेल्या मुलीबद्दल ‘आम्ही तिचा अभिमान बाळगतो’ असं लिहिलं तर ते सरकारी पत्रासारखं वाचलं जातं. तिथे ‘वाटतो’च हवं.

षष्ठीचा एक धोका लक्षात ठेवा. ‘वडिलांचा अभिमान’ म्हणजे वडिलांबद्दल वाटणारा, की वडिलांच्या मनातला? ‘वाटतो’ जोडलं की पहिला अर्थ, ‘दुखावला’ जोडलं की दुसरा. क्रियापद नसलेल्या मथळ्यात हा गोंधळ तसाच राहतो, तेव्हा ‘वडिलांबद्दलचा अभिमान’ असं मोकळं लिहावं.

आता पहिल्या प्रश्नाकडे. ‘प्राइड म्हणजे अमुक’ अशी एकास एक जोडी संज्ञासूचीत पक्की करू नका. भाषांतराच्या कंपन्या ती हमखास करतात आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. नाम शोधण्याआधी क्रियापद ठरवा. वाक्यातल्या माणसाचं पुढे काय होणार आहे? त्याचं कौतुक होणार की त्याला कुणी खाली आणणार? मराठीत या दोन बाजूंची क्रियापदं जवळपास वेगळी आहेत, आणि क्रियापद सापडलं की नाम आपोआप मागे येतं.

यासाठी दोन चाचण्या पुरतात. शब्दाआधी ‘सार्थ’ लावून बघा. ‘सार्थ अभिमान’ बसतं. ‘सार्थ माज’, ‘सार्थ ताठा’ म्हटलं की हसू येतं, आणि ‘सार्थ गर्व’ही कानाला खटकतो. उलट बाजूनं शब्दानंतर ‘जिरवणे’ किंवा ‘उतरवणे’ लावा. माज उतरवतात, रग जिरवतात, घमेंड जिरवतात, मिजास उतरवतात. ‘त्याचा अभिमान जिरवला’ असं कोणी म्हणत नाही. अभिमानाला वाईट करायचं तर वेगळं विशेषण किंवा उपसर्ग लागतो: वृथा अभिमान, पोकळ अभिमान, दुरभिमान. म्हणजे आजच्या मराठीत तो शब्द मुळात चांगल्या बाजूला उभा आहे.

आजच्या, हे महत्त्वाचं. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीची यादी येते तिथे दंभ, दर्प यांच्या पाठोपाठ अभिमान आहे. संतवाङ्मयातला देहाभिमानही टाकून द्यायचाच असतो, आणि कीर्तनात ‘अभिमान गळून पडला’ हे वाक्य चांगल्या बातमीसारखं येतं. त्यामुळे धार्मिक किंवा जुन्या मजकुराचं संपादन करताना अभिमान दिसला की तो आधुनिक अर्थानं वाचू नका, आणि हौसेनं बदलूही नका. इंग्रजीतही शब्द जागचा हललेला आहे. ‘प्राउड’च्या मागे जुन्या फ्रेंचमधला शूर, मर्दानी अशा अर्थाचा शब्द आहे, इंग्रजीत आल्यावर तो उद्धट झाला आणि पुढे पुन्हा थोडा निवळला.

अस्मितेचंही तसंच. योगसूत्रांत अविद्या, अस्मिता, राग, द्वेष, अभिनिवेश हे पाच क्लेश सांगितले आहेत. त्यातली अस्मिता आज ‘मराठी अस्मिता’ म्हणून झेंड्यावर आहे आणि अभिनिवेश वादविवादात. अस्मिता नेहमी समूहाची असते. एकट्या माणसाच्या ‘प्राइड’साठी ती वापरली की वाक्य फुगतं.

वाईट बाजूचे शब्द मराठीत भरपूर आहेत आणि आपल्या कोल्हापूर भागात तर जास्तच जिवंत आहेत. पण ते एकमेकांच्या जागी टाकता येत नाहीत. ‘माज’ सत्तेचा, पैशाचा, जमिनीचा. त्याला बाहेरचा आधार लागतो. रिकाम्या खिशाच्या माणसाला ‘कशाचा माज आलाय?’ असं विचारतात ते म्हणूनच. ‘घमेंड’ला आधार नसला तरी चालतं, स्वतःच्या कुवतीचा चढा अंदाज पुरतो. ‘गुर्मी’ बोलण्यात आणि नजरेत दिसते, म्हणून गुर्मीत बोलतात, गुर्मीत बघतात. ‘ताठा’ म्हणजे वाकायचं नाकारणं. त्यात कधीकधी बोलणाऱ्याचा छुपा आदरही असतो. ‘मिजास’मध्ये इतरांनी आपली सरबराई करावी ही अपेक्षा आहे, म्हणून ती पाहुण्याची किंवा जावयाची असते, मजुराची सहसा नसते. ‘मगरुरी’ अधिकाऱ्याची. ‘आढ्यता’ लेखी भाषेतली, ज्ञानाची किंवा श्रीमंतीची. ‘शिष्टपणा’ करणारा माणूस उघड काही करत नाही, फक्त मिसळत नाही. इंग्रजी कादंबरीतला अबोल, वरच्या वर्गातला नायक ‘प्राउड’ असतो तेव्हा तो बहुतेक वेळा शिष्ट असतो; त्याला माजलेला केलंत तर पात्रच बदलतं.

‘अहंकार’ या सगळ्यांच्या आतला. तो दिसत नाही, त्याचे परिणाम दिसतात. तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, नात्यांवरचे लेख यांत तो योग्य. भांडणाच्या संवादात नको. गल्लीत कोणी कोणाला ‘तुझा अहंकार वाढलाय’ म्हणत नाही, ‘डोक्यात हवा गेलीय’ म्हणतात. ‘लय भाव खातंय’ हे त्याहून सौम्य, त्यात मैत्री शिल्लक असते.

‘रग’ हा कोल्हापूरकडच्या वापरातला खास शब्द. तालमीत तो कौतुकाचा आहे. गंगावेश असो, मोतीबाग असो की शाहूपुरी, पैलवानाच्या अंगात रग पाहिजेच, नाहीतर खासबागच्या मैदानात उतरून करणार काय? पण तीच रग मैदानाबाहेर दाखवली की लोक ती जिरवायला निघतात. त्यात आणखी एक अर्थ मिसळतो. ओझं धरून हाताला रग लागते, म्हणजे हात भरून येतो. कुस्तीच्या वर्णनात ‘त्याच्या मनगटाला रग लागली’ आणि ‘त्याच्या मनगटात रग होती’ ही वाक्यं परस्परविरोधी आहेत, आणि शहरी संपादक पहिल्याला दुसऱ्याचा अर्थ देऊन मोकळा होतो. लढायची नुसती खाज असेल तर ‘खुमखुमी’.

माजाचा मूळ अर्थ गोठ्यातला. जिल्हा दुधाचा असल्यामुळे हा अर्थ इथं रोज वापरात आहे: म्हैस माजावर येते, माजाचं चक्र साधारण २१ दिवसांचं असतं, आणि बाहेर लक्षणं न दाखवणाऱ्या म्हशीचा तो मुका माज. पशुपालनाच्या पुस्तिकेत हा शब्द अगदी तटस्थ आहे. तो असभ्य वाटून ‘उत्तेजित अवस्था’ असं काहीतरी लिहिणारे भाषांतरकार शेतकऱ्याला मूळ मुद्दाच कळू देत नाहीत. हत्तीचा ‘मद’ही असाच शरीरातून मनाकडे आला. गंडस्थळातून झरणारा मद आणि षड्रिपूंमधला मद एकच शब्द. ख्रिस्ती सात महापापांच्या यादीतल्या ‘प्राइड’ला ‘मद’ लावण्याचा मोह त्यामुळेच होतो. माझं मत, तिथे गर्वच ठेवावा. षड्रिपूंची चौकट वेगळी आहे, ती उगाच मध्ये येते.

‘दर्प’ वापरताना जपा. बोलीत दर्प म्हणजे उग्र वास. ‘सत्तेचा दर्प’ हे लेखात चालतं, किंबहुना दोन्ही अर्थ एकत्र येऊन चांगलं लागतं. ‘त्याच्या दर्पामुळे लोक दूर राहिले’ हे मात्र वाचकाला भलतीकडे नेतं.

बातमीत किंवा संस्थेच्या पत्रकात हे शब्द नाव घेऊन एखाद्याला चिकटवू नका. ‘माज’, ‘गुर्मी’, ‘मगरुरी’ हे वर्णन नसून निकाल आहेत. कोणी म्हटलं असेल तर त्याच्या तोंडी, अवतरणात.

आता दिखाऊ पण निरुपद्रवी ‘प्राइड’. ऐट, डौल, रुबाब, दिमाख, तोरा. हे डोळ्यांना दिसतात आणि बहुधा आवडतात. बेंदराला सजवलेल्या बैलजोडीचा रुबाब असतो, गर्व नसतो. मोराचा डौल. नव्या गाडीवरून जाणाऱ्या पोराची ऐट. तोरा मिरवतात, पण त्यात किंचित टोचणी येते, आणि वापरात तो बायकांबद्दल जास्त येतो. समारंभाच्या बातमीत नको. ‘दिमाखदार सोहळा’ इतका झिजलाय की वाचक त्यावरून पुढे सरकतो. शेखी आणि टेंभा मिरवायचे असतात, बढाई आणि फुशारकी मारायची असते. ‘टेंभा मारला’ असं छापून येतं, ते चूक.

यानंतरचा गट मानाचा, आणि मला वाटतं भाषांतरात सर्वांत जास्त अन्याय याच गटावर होतो. इंग्रजीत गरीब माणूस ‘टू प्राउड’ म्हणून मदत नाकारतो. त्याचं ‘तो खूप गर्विष्ठ होता’ असं मराठी केलं की करुण प्रसंगाची शिवी होते. तो माणूस मानी आहे. किंवा स्वाभिमानी, पण मानी हा शब्द जुना आणि जास्त नेमका. त्याच्या जवळचा दिसणारा ‘मानभावी’ मात्र पूर्ण वेगळा, वरवर गोड आणि आतून बनेल. घराण्याचा ‘प्राइड’ म्हणजे आब किंवा इभ्रत. आब राखतात, इभ्रत जाते किंवा वाचते. सगळं गेल्यावरही न वाकणाऱ्यासाठी म्हण तयारच आहे, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पण ती सहानुभूतीनं वापरता येत नाही, तिच्यात टोमणा आहे.

‘स्वाभिमानी’बद्दल एक स्थानिक सूचना. स्वाभिमानी शेतकरी संघटनेच्या ऊसदराच्या आंदोलनांमुळे कोल्हापूर-सांगली पट्ट्यात हा शब्द विशेषनामासारखा वापरला जातो. ‘स्वाभिमानीचा मोर्चा’, ‘स्वाभिमानीनं वाहनं अडवली’. मथळ्यात ‘स्वाभिमानी शेतकरी’ लिहिलंत तर निम्मे वाचक संघटनेचा कार्यकर्ता समजतील. गुण सांगायचा असेल तर ‘मानी शेतकरी’ करा.

इंग्रजी वाक्प्रचारांत ‘प्राइड’ आला की शब्द सोडा आणि प्रसंग बघा. तो ‘गिळायचा’ असतो तेव्हा मराठी माणूस नाक मुठीत धरून जातो, किंवा कमीपणा घेतो. ‘अहंकार गिळला’ हे मराठी नाही. कामात ‘प्राइड’ घेणारा कारागीर म्हणजे मन लावून, जीव ओतून काम करणारा. ‘आपल्या कामात अभिमान घेतो’ हे वाचताना इंग्रजी वाक्य जसंच्या तसं खाली दिसतं. दिवाणखान्यात ‘प्राइड ऑफ प्लेस’ मिळालेली तसबीर मानाच्या जागी असते. आनंदानं फुलणारा ‘प्राइड’ छातीत किंवा उरात: ऊर भरून येतो, छाती फुगते, ताठ मानेनं चालतो. पोराच्या बोलीत कॉलर टाईट होते, आणि तरुणांसाठीच्या मजकुरात ते छापायला हरकत नाही.

फ्लेक्सवर आणि पुरस्कारांत ‘प्राइड ऑफ कोल्हापूर’ला ‘कोल्हापूर भूषण’ किंवा ‘कोल्हापूर गौरव’ ही रूढ वाट आहे. किताबासाठी भूषण चांगला, कारण तो माणसाला लागतो: अमुक व्यक्ती हे शहराचं भूषण. गौरव हे मराठीत कृत्य आहे. गौरव करतात, गौरवतात. ‘गौरव वाटतो’ ही पुन्हा हिंदीची वाट.

अभिमानाच्या मजकुरात शब्दाइतकीच तपासायची गोष्ट म्हणजे दावा. खाशाबा जाधवांना ‘कोल्हापूरचे सुपुत्र’ लिहिलं की कऱ्हाडहून आक्षेप येणार, आणि तो रास्त असणार, कारण त्यांचं गाव कऱ्हाडजवळचं गोळेश्वर. राजाराम कॉलेज आणि इथल्या तालमींशी त्यांचं नातं पक्कं आहे, तेव्हा ‘कोल्हापूरच्या मातीत तयार झालेले, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधले कांस्यपदक विजेते’ हे खरंही आहे आणि पुरेसंही. स्वप्नील कुसळे मात्र राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये त्यानं कांस्यपदक मिळवलं, महाराष्ट्राला ७२ वर्षांनी वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं. तिथे ‘जिल्ह्याचा अभिमान’ बिनधास्त लिहा. कोल्हापुरी चपलेच्या जाहिरातीतही तोच प्रश्न येतो. २०१९ ला मिळालेलं भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपूर अशा ८ जिल्ह्यांना मिळून आहे. ‘कोल्हापूरचा अभिमान’ म्हणायला अडचण नाही. ‘फक्त कोल्हापूरचा’ म्हटलं की अडचण.

जूनमधल्या ‘प्राइड’चा अर्थ वेगळा काढावा लागतो. १९६९ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल बारवरच्या पोलिस छाप्याविरुद्ध समलिंगी आणि तृतीयपंथी लोक उभे राहिले, त्यातून हे मोर्चे सुरू झाले. भारतातला पहिला २ जुलै १९९९ ला कोलकात्यात निघाला. इथे ‘प्राइड’च्या विरुद्ध नम्रता नाही, लाज आहे. लादलेली लाज झुगारणं हा अर्थ असल्यामुळे गर्व तर नाहीच, ‘गौरव’ही नको. ‘अभिमान पदयात्रा’ बरोबर बसतं. ‘प्राइड परेड’ तसंच ठेवलं तरी चालतं, तरुण वाचकांना तेच ओळखीचं आहे. ‘समलिंगी गर्व यात्रा’ असं मशीनकडून आलेलं भाषांतर दिसतं, त्यात शब्द चुकतो आणि सूरही.

भावनेशी संबंध नसलेले अर्थ थोडक्यात. सिंहांचा ‘प्राइड’ म्हणजे कळप. माद्या, छावे आणि सोबत एक किंवा थोडे नर. ‘सिंहांचा अभिमान’ असं छापून आलं तर कोणी वाचून बघितलं नाही हे उघड होतं. जखमेवरचं ‘प्राउड फ्लेश’ म्हणजे भरून येताना पातळीच्या वर वाढलेलं मांस, घोड्यांच्या पायांवर विशेष. त्याला वाढलेलं मांसच म्हणावं.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीसाठी तांत्रिक पुस्तिका करणाऱ्यांना तिसरा अर्थ हमखास भेटतो. इंजिनाचा लायनर (सिलिंडरच्या आत बसवलेली नळी) ब्लॉकच्या पृष्ठभागापेक्षा ‘प्राउड’ हवा, असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ तो किंचित वर निघालेला हवा, मिलिमीटरच्या शतांशांत मोजण्याइतका. तो खाली राहिला तर हेड गॅस्केट नीट दाबली जात नाही आणि गळती होते. प्रमाणाबाहेर वर आला तर हेड कसताना लायनरच्या वरच्या कडेवर, म्हणजे कॉलरवर, ताण येऊन लायनर तडकू शकतो. मराठीत ‘ब्लॉकच्या लेव्हलपेक्षा इतका वर’ असं लिहा आणि आकडा मूळ पुस्तिकेतून जसाच्या तसा घ्या. सुतारकामात खिळ्याचं डोकं ‘प्राउड’ राहिलं तर ते वर राहिलं, बस्स.

छपाईला देण्याआधीची तपासणी. ‘अभिमानास्पद’मधल्या ‘ना’चा काना गळून ‘अभिमानस्पद’ होतो. ‘गर्विष्ठ’ला ष्ठ, ‘ष्ट’ नाही. ‘स्वाभिमान’मधला स्वा दीर्घ. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर बदलून घेतला की रफार आणि पहिली वेलांटी जागा सोडतात: ‘गर्व’चा ‘गवर्’ होतो, ‘अभिमान’चा ‘अिभमान’. पीडीएफमधून उचललेल्या मजकुरातही हेच होतं. स्क्रीनवर लहान अक्षरांत ते नजरेतून सुटतं आणि दहा फुटी फ्लेक्सवर चौकातून दिसतं, म्हणून डिझायनरला मजकूर चित्रात बदलायच्या आधी एकदा तीनशे टक्के मोठा करायला सांगा आणि रफार असलेला प्रत्येक शब्द बोट ठेवून वाचा.